अभियांत्रिकीची जागा : फी कोणाची, नाव कशाचे?

बारावीचा निकाल आणि प्रवेश परीक्षेचे गुण हाती आले की गावोगावच्या शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘जवळच्या कॉलेजात खर्च कमी आहे, पण त्याचे नाव कोणी ऐकलेले नाही. लांबच्या कॉलेजाचे नाव मोठे आहे, पण तिथला चार वर्षांचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. आम्ही काय करावे?’ विचारणाऱ्याच्या घरात यापूर्वी कोणी इंजिनियर झालेले नसते. कधी शेताचा तुकडा गहाण पडणार असतो, तर कधी धाकट्या बहिणीचे शिक्षण अडणार असते. म्हणून आपण जपून उत्तर देतो. पण ते देताना दोन समजुती आपण नकळत खऱ्या धरून चालतो. जिथे फी जास्त तिथे शिक्षण चांगले, ही पहिली. जिथे नाव मोठे तिथे शिकवतात चांगले, ही दुसरी.

या समजुती तपासायच्या तर माहितीपुस्तिका आणि जाहिराती पुरत नाहीत. थोडे मागे जावे लागते. आपल्याकडे अभियांत्रिकी शिक्षण सुरू झाले त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. या काळात त्या शिक्षणाचा पैसा कोणी भरला आणि कॉलेजांना नाव कशामुळे मिळाले, या दोन प्रश्नांची उत्तरे अनेकदा बदलली. ती कशी बदलली हे समजले, तर आजचा प्रश्नही थोडा सोपा होतो.

सरकारला माणसे हवी होती

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कंपनी सरकारने रस्ते, कालवे आणि पूल यांची मोठी कामे हाती घेतली. गंगेच्या कालव्याच्या कामासाठी मोजणी करणारी, नकाशे काढणारी, मजुरांवर देखरेख ठेवणारी माणसे हवी होती आणि ती सगळी विलायतेहून आणणे परवडणारे नव्हते. त्यातून १८४७ मध्ये रुरकीला अभियांत्रिकीचे कॉलेज निघाले. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, पुण्यात ‘इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. सार्वजनिक बांधकामासाठी कनिष्ठ अधिकारी तयार करणे हा त्याचा उघड हेतू होता. हीच संस्था पुढे मुंबई विद्यापीठाला जोडली गेली, काही काळ ‘कॉलेज ऑफ सायन्स’ म्हणून ओळखली गेली आणि १९११ मध्ये ‘कॉलेज ऑफ इंजिनियरिंग’ झाली. २०२२ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या काळात कॉलेजचा मुख्य भार सरकार उचलत होते, कारण गरज सरकारची होती. आणि कॉलेजला नाव होते ते तिथून सरकारी नोकरीचा रस्ता निघत होता म्हणून. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. वडील लहानपणीच वारलेले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी पदवी घेतली. पुण्याला येणे त्यांना शक्य झाले ते म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीमुळे. १८८३ मध्ये ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. एका गरीब घरातल्या मुलासाठी शिष्यवृत्ती, कॉलेज आणि नोकरी यांची साखळी अखंड होती. तिची एक कडी जरी निखळली असती, तरी केवळ हुशारी पुरली नसती.

त्याच वेळी इंग्लंडमध्ये याच खात्यासाठी दुसरे कॉलेज चालू होते. लंडनजवळ कूपर्स हिल येथे १८७१ मध्ये स्थापन झालेल्या या ‘रॉयल इंडियन इंजिनियरिंग कॉलेज’चा खर्च भरपूर होता आणि तो विद्यार्थ्याच्या घरच्यांनी भरायचा होता. पण तिथून बाहेर पडणाऱ्याला हिंदुस्थानात वरच्या जागा मिळत. १८९० च्या दशकात खात्याची शाही सेवा आणि प्रांतिक सेवा अशी विभागणी झाली, तेव्हा हा भेद आणखी पक्का झाला. कूपर्स हिलचा पदवीधर शाही सेवेत आणि रुरकी-पुण्याचा पदवीधर प्रांतिक सेवेत जाऊ लागला. काम सारखे असले तरी पगारात फरक पडे. पूल बांधताना दोघांना गणित एकच करावे लागे. महाग पदवीची जास्त किंमत तिथल्या गणिताला नव्हती, ती उघडून देत असलेल्या दाराला होती. पुढे १९०६ मध्ये कूपर्स हिल बंद झाले. महाग कॉलेजचे नाव नेमके कशावर उभे असते, हे सांगणारा आपल्या इतिहासातला हा पहिला धडा म्हणता येईल.

गिरण्या, देणग्या आणि एक लहान गाव

पैशाचा दुसरा स्रोत उद्योगातून आला. मुंबईत कापडगिरण्या वाढल्या. यंत्रे मँचेस्टरची आणि ती सांभाळणारे तंत्रज्ञही तिकडचेच, हा खर्च गिरणीमालकांना जड जाऊ लागला. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीला पन्नास वर्षे झाली ते निमित्त साधून १८८७ मध्ये मुंबईत ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. सर दिनशा पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकांनी तिला हात दिला. १९२३ मध्ये ही संस्था माटुंग्याला गेली आणि १९९७ मध्ये तिच्या नावातून व्हिक्टोरिया राणी जाऊन वीरमाता जिजाबाई आल्या. इंग्रजी आद्याक्षरे मात्र तीच राहिली, त्यामुळे लोकांच्या तोंडचे ‘व्हीजेटीआय’ बदलले नाही. या संस्थेचे नाव झाले ते गिरणीच्या खात्यात तिचा माणूस उपयोगी पडतो असा अनुभव आल्याने.

तिसरे उदाहरण सांगलीचे आहे. १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी तिथे ‘न्यू इंजिनियरिंग कॉलेज’ काढले. सांगली हे काही सरकारी खात्याचे किंवा गिरण्यांचे मोठे केंद्र नव्हते. १९५५ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या नावाची देणगी मिळून ते ‘वालचंद कॉलेज ऑफ इंजिनियरिंग’ झाले. राजधानीपासून दूर, लहान शहरात काढलेले कॉलेजही नाव मिळवू शकते, मात्र त्याला वेळ लागतो आणि पदवीधरांच्या काही पिढ्या जाव्या लागतात, हे सांगलीने दाखवून दिले. दोन-चार वर्षांपूर्वी निघालेल्या एखाद्या कॉलेजच्या जाहिरातीत ‘नामवंत’ हा शब्द दिसला, की सांगलीची आठवण ठेवावी.

गुणांनी वाटलेली स्वस्त जागा

स्वातंत्र्यानंतर धरणे, पोलादाचे कारखाने आणि वीजकेंद्रे उभारण्यासाठी देशाला इंजिनियर हवे होते. १९४५ मध्ये नेमलेल्या सरकार समितीच्या शिफारशींनुसार पहिली आयआयटी १९५१ मध्ये खरगपूरला निघाली. मुंबईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्को आणि सोव्हिएत संघाच्या मदतीने उभी राहिली. १९६० मध्ये कराड आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे सरकारी कॉलेजे, तर नागपूरला विश्वेश्वरय्यांच्याच नावाचे प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. खर्च करदात्यांच्या पैशातून होई आणि विद्यार्थ्याकडून घेतली जाणारी फी नाममात्र असे. वस्तू स्वस्त आणि मागणारे पुष्कळ, असे झाले की रांग लागते. इथे रांगेतला क्रमांक परीक्षेतल्या गुणांवरून ठरत असे. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली : सर्वांत नावाजलेली जागा हीच सर्वांत स्वस्त जागा झाली. त्या काळच्या पालकापुढे ‘खर्च की नाव’ हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो जागा मिळते की नाही एवढाच.

पण या रांगेने नावाचा अर्थही बदलला. पूर्वी बाहेर पडणारा विद्यार्थी कामाला कसा उतरतो यावर नाव अवलंबून असे. आता आत येणारा किती गुण मिळवून आला यावरून कॉलेज ओळखले जाऊ लागले. ‘तिथे अमुक टक्क्यांना यादी बंद झाली’ हेच त्याच्या मोठेपणाचे प्रमाण ठरले. मग पुढच्या वर्षीची हुशार मुले तिथेच अर्ज करीत आणि यादी आणखी वर बंद होई. हे चक्र एकदा फिरू लागले की आतले शिकवणे सुधारले काय किंवा ढिले पडले काय, नावावर बरीच वर्षे परिणाम दिसत नाही. कारण आत घेतलेली मुले मुळातच अशी असतात की ती कुठेही गेली तरी बऱ्यापैकी चमकली असती.

१९८३ : रांगेबाहेरचा रस्ता

रांगेत मागे राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न सत्तरीच्या दशकात तीव्र झाला. महाराष्ट्रातली ऐपतदार घरे मुलांना कर्नाटकात पाठवत आणि तिथे प्रवेशासाठी मोठ्या देणग्या मोजत. इथल्या सरकारकडे नवी कॉलेजे काढायला पैसा नव्हता. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढायला परवानगी दिली. त्याच वर्षी पुणे आणि कोल्हापूर या शहरांबरोबरच लोणी आणि वारणानगर अशा सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरातही कॉलेजे उभी राहिली.

या निर्णयाकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवे. ज्या तालुक्यांत इंजिनियर हा शब्द केवळ धरणावरच्या साहेबापुरता माहीत होता, तिथल्या मुलांना घराजवळ जागा मिळाली. या कॉलेजांतून बाहेर पडलेल्या कित्येकांनी कारखाने आणि संगणक कंपन्यांमधून उत्तम काम केले. दुसरीकडे, शिक्षणाचा पूर्ण खर्च प्रथमच पालकांच्या खिशावर आला आणि त्यासोबत ‘डोनेशन’ हा शब्द घराघरांत पोचला. महाराष्ट्रात १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा करावा लागला, यावरूनच त्या रोगाची कल्पना येते.

इथून पुढे फीचा एक नवा अर्थ लोकांच्या मनात रुजला. बाजारात महाग वस्तू टिकाऊ असते, तसेच महाग कॉलेज चांगले असणार! ज्या कॉलेजला अजून नाव नव्हते, तिथे फी हेच नावाच्या जागी उभे राहिले. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्याला पाठ असते, पण इमारतीचा रंग आणि फीचा आकडा पाहिला की ती आठवतेच असे नाही.

एक वर्ग, दोन दर

फी आणि शिक्षण यांचा संबंध किती, याची जणू एक मोठी चाचणीच १९९३ नंतर आपल्या कॉलेजांत झाली. तिची पार्श्वभूमी न्यायालयातली आहे. कर्नाटकातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या फीवरून मोहिनी जैन खटला उभा राहिला. तिथे सरकारी कोट्यातल्या जागेला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्यांना २५,००० रुपये आणि राज्याबाहेरच्यांना ६०,००० रुपयांपर्यंत, असे तीन दर होते. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांसाठी एक योजनाच आखून दिली. निम्म्या जागा ‘फ्री सीट’ आणि निम्म्या ‘पेमेंट सीट’. पहिल्या प्रकाराला सरकारी कॉलेजइतकी फी आणि दुसऱ्याला त्याच्या कित्येक पट. दोन्हींचे प्रवेश गुणांनुसारच.

आता त्या काळातला एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. एकाच बाकावर दोन विद्यार्थी बसले आहेत. शिक्षक एक, फळा एक, प्रयोगशाळेतले लेथ यंत्रही एकच. पण एकाच्या घरून जेवढी रक्कम आली, तिच्या अनेक पट दुसऱ्याच्या घरून आली आहे. दुसऱ्याला काही जास्त शिकवले जात होते का? मुळीच नाही. त्याचा क्रमांक यादीत खाली होता, एवढाच फरक. जास्त फी ही इथे चांगल्या शिक्षणाची किंमत नव्हती. ती कमी गुणांची किंमत होती, आणि त्यातूनच शेजारच्याची सवलत भरून निघत होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. फ्री सीट बहुतांशी कोणाला मिळत? ज्यांना चांगली शाळा, शिकवणी आणि अभ्यासाला वेगळी खोली मिळाली त्यांना. म्हणजे बऱ्याचदा शहरातल्या सुस्थितीतल्या घरांना. पेमेंट सीटसाठी जमीन विकणारा बाप अनेकदा खेड्यातला असे. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्याच्या निकालात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने या विपरीत परिणामाकडे बोट दाखवले आणि ही योजना रद्दबातल ठरवली. २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने त्याचे आणखी स्पष्टीकरण केले. खासगी संस्थेला स्वतःची फी ठरवता येईल, वाजवी शिल्लकही ठेवता येईल, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही, असा त्याचा सारांश.

आजची फी काय सांगते?

महाराष्ट्रात आता २०१५ च्या कायद्याखाली स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण विनाअनुदानित महाविद्यालयांची फी ठरवते. त्यासाठी कॉलेजचा हिशेब तपासला जातो : शिक्षकांचे पगार, प्रयोगशाळा, इमारत, इतर खर्च. म्हणजे आजची फी ही त्या कॉलेजच्या खर्चाचा आरसा आहे. पण खर्च झाला म्हणजे तो शिक्षणाच्या कामी आला असे नाही. एका कॉलेजची फी जास्त असते कारण तिथे पुरेसे आणि अनुभवी शिक्षक पूर्ण वेतनावर आहेत. दुसऱ्याची जास्त असते कारण तिथे नवी इमारत झाली आहे. आकडा सारखाच दिसला तरी विद्यार्थ्याच्या दृष्टीने या दोन फींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अभिमत विद्यापीठे तर या प्राधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत. त्यामुळे एखादे जुने कॉलेज विद्यापीठ झाले आहे का, हे आधी पाहावे. नाव तेच राहते, फीचे नियम मात्र बदलतात.

शिवाय पत्रकावर छापलेली फी आणि घरून प्रत्यक्ष द्यावी लागणारी फी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयआयटीने २०१६ मध्ये बी.टेक.ची वार्षिक फी ९०,००० वरून २ लाख रुपये केली. त्याच वेळी अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि १ लाखापेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ केली आणि १ ते ५ लाख उत्पन्न असलेल्यांना दोनतृतीयांश सूट दिली. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय जाहीर केला. पत्रकातला आकडा पाहून एखादी मुलगी अर्जच करीत नसेल, तर ते नुकसान माहितीच्या अभावाने झालेले आहे, आणि ते टाळणे शिक्षकाच्या हातात आहे.

नाव काय देते?

आता दुसऱ्या समजुतीकडे वळू. नावाजलेल्या कॉलेजचे पदवीधर जास्त कमावतात हे खरे. पण ते कॉलेजमुळे की मुळात हुशार मुलेच तिथे गेल्यामुळे? हे दोन परिणाम वेगळे करणे अवघड असते. प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो. इथे तसे करता येत नाही. तरी संशोधकांनी काही युक्त्या शोधल्या आहेत.

अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये असा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच कॉलेजांत अर्ज केलेले आणि सारख्याच कॉलेजांनी स्वीकारलेले विद्यार्थी त्यांनी निवडले. त्यांतले काही जास्त नावाच्या कॉलेजात गेले होते, तर काही कमी नावाच्या. पुढच्या आयुष्यात दोघांच्या कमाईत सरासरीने फारसा फरक आढळला नाही. मात्र गरीब घरांतून आलेल्यांना नावाच्या कॉलेजचा फायदा झालेला दिसला. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. सुस्थितीतल्या मुलाला ओळखीपाळखी, इंग्रजी आणि शहरी वावर घरातूनच मिळतो. ज्याला तो मिळत नाही, त्याला कॉलेज तो मिळवून देते.

भारतात शीतल सेखरी यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आणखी बोलका आहे. तो केवळ अभियांत्रिकीचा नाही, पण आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. नामांकित सरकारी महाविद्यालयाची यादी ज्या गुणांवर बंद झाली, त्याच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेले विद्यार्थी त्यांनी तुलनेला घेतले. एखाददुसऱ्या गुणाने आत गेलेला आणि बाहेर राहिलेला, यांच्या हुशारीत तसा फरक नसतो. पदवीनंतर पाहिले तर आत गेलेल्यांचे पगार जास्त होते. पण शेवटच्या परीक्षेतले गुण मात्र जास्त नव्हते! म्हणजे नावाचा मोबदला मिळाला, तो जास्त शिकल्याचा पुरावा न देता मिळाला. नोकरी देणारा माणूस प्रत्येकाची परीक्षा घेत बसत नाही. कॉलेजच्या नावावरून अंदाज बांधतो. कूपर्स हिलच्या वेळी सरकारी खाते जे करीत होते, तेच आज कंपन्या करतात.

तेव्हा नाव निरुपयोगी आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. नाव दार उघडते. पण ते दार खरोखर आहे का, हे पाहायला हवे. सरकारी मानांकनातही हा गुंता आहे. २०१६ पासून जाहीर होणाऱ्या एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत शिकवणे आणि साधनसामग्री यांना ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, पदवीधरांच्या यशाला २० टक्के, सर्वसमावेशकतेला १० टक्के आणि ‘लोकांच्या मनातील प्रतिमा’ या घटकाला १० टक्के भार आहे. शेवटचा घटक म्हणजे नावावरून नाव ठरवणे. आणि संशोधनाचा भार मोठा असल्याने, पहिल्या वर्षाला मन लावून शिकवणारे पण शोधनिबंध थोडे असलेले कॉलेज क्रमवारीत मागे पडू शकते.

थोडी आकडेमोड

आता हे सगळे एका काल्पनिक उदाहरणात घालून पाहू. समजा, ‘क’ कॉलेज घराजवळ आहे. फी वर्षाला ४०,००० आणि प्रवास-पुस्तके २०,०००, म्हणजे एकूण ६०,००० रुपये. ‘ख’ कॉलेज लांब आहे. फी १,२५,००० आणि वसतिगृह-खाणावळ ८५,०००, म्हणजे एकूण २,१०,००० रुपये. फरक वर्षाला दीड लाख, चार वर्षांत ६ लाख. हा फरक कर्जाने भरायचा आहे.

दरसाल १० टक्के व्याज धरू. प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख उचलले आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाने फेड सुरू झाली, तर चार रकमांवर अनुक्रमे ५, ४, ३ आणि २ वर्षांचे व्याज चढते. सरळव्याजाने ते २ लाख १० हजार होते. म्हणजे फेडीच्या सुरुवातीलाच देणे ८ लाख १० हजार. सात वर्षांच्या फेडीत महिन्याचा हप्ता सुमारे १३,४५० रुपये येतो. एकूण परतफेड होते सुमारे ११ लाख ३० हजार.

आता प्रश्न नेमका झाला. ‘ख’चे नाव या विद्यार्थ्याला सात वर्षे, दरमहा साडेतेरा हजार रुपये जास्त मिळवून देईल का? पहिला पगार २५,००० असेल, तर निम्म्याहून जास्त हप्त्यातच जाईल. एवढे देऊनही काही घरांना ‘ख’ योग्य वाटेल, आणि ते चुकीचे असेलच असे नाही. पण निर्णय डोळे उघडे ठेवून झाला पाहिजे.

सल्ला देताना

इतिहास आणि आकडेमोड एकत्र केली तर आमच्या मते चार प्रकार वेगळे करता येतात. कमी खर्चाचे आणि नावाजलेले कॉलेज मिळत असेल, तर फारसा विचार करायला नको. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांच्या रूपाने मागच्या पिढ्यांनी भरलेल्या करातून ती ठेव आपल्याला मिळाली आहे. कमी खर्चाचे पण नाव नसलेले कॉलेज विद्यार्थ्याने स्वतःच्या मेहनतीने सुसह्य करता येते, आणि हात कर्जात अडकलेला नसल्याने पुढे पदव्युत्तर शिक्षणाची वाट मोकळी राहते. महाग आणि खरोखर नावाजलेल्या कॉलेजसाठी वर केलेला हिशेब मांडावा. घरातला पहिलाच पदवीधर असेल, तर नावाला थोडे जास्त वजन द्यावे, कारण त्याला दार उघडून देणारे दुसरे कोणी नाही.

खरा धोका चौथ्या प्रकारात आहे : महाग, पण नाव नसलेले. इथे फीलाच नाव समजले जाते आणि बहुतेक वेळा फसगत होते ती सर्वांत कमी माहिती असलेल्या घराची. अशा वेळी विज्ञानाची पदवी किंवा आधी पदविका करून मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हे मार्ग कमीपणाचे नाहीत, हे शिक्षकाने ठामपणे सांगायला हवे.

माहिती मिळवणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. अकरावी-बारावीच्या वर्गात हा एक प्रकल्प म्हणून करता येईल. चार-चार विद्यार्थ्यांच्या गटाने एक कॉलेज निवडावे. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी शोधावी. त्या शाखेला राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाचे, म्हणजे एनबीएचे, मानांकन आहे का ते पाहावे. हे मानांकन कॉलेजला नव्हे, शाखेला मिळते, म्हणून ‘आमचे कॉलेज मानांकित’ एवढ्यावर थांबू नये. नियमाप्रमाणे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. संकेतस्थळावरची शिक्षकांची यादी मोजून भागाकार करावा. ‘सर्वाधिक पॅकेज’ ही जाहिरात बाजूला ठेवावी आणि मध्यक पगार किती, तो किती विद्यार्थ्यांना मिळाला, हे विचारावे. सरासरी आणि मध्यक यांतला फरक आपण सांख्यिकीत शिकवतोच; त्याचा याहून चांगला उपयोग कुठला? शेवटी, त्या कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्याला एकच गोष्ट विचारावी : गेल्या आठवड्यात किती प्रात्यक्षिके झाली आणि त्यांतली किती तू स्वतःच्या हाताने केलीस?

गटांनी आपापले तक्ते वर्गात भिंतीवर लावावेत आणि पालकसभेच्या दिवशी ते तसेच राहू द्यावेत.